तळटीप ७ : ‘अज्ञात न्यूमोनिया’चे जनुकीय क्रमवाचन
७. पीसीआर चाचणी फक्त संशयित विषाणूच शोधते. विषाणू यादीबाहेरचा असला की अहवाल नकारात्मक येतो आणि रुग्ण मात्र धापा टाकत राहतो. वुहानमध्ये २६ डिसेंबर २०१९ रोजी दाखल झालेल्या एका प्रौढ रुग्णाचे तेच झाले: फ्लू नाही, अ‍ॅडिनोव्हायरस नाही. मग विषाणूतज्ज्ञ झांग योंगझेन यांच्या गटाने त्याच्या फुप्फुसातून धुऊन काढलेल्या द्रवातला आरएनए, कोणताही विषाणू गृहीत न धरता, सरसकट वाचला. साडेपाच कोटींहून अधिक तुकडे संगणकावर टोकाला टोक जुळवल्यावर सर्वांत लांब साखळी निघाली ती कोरोनाविषाणूची. २९,९०३ अक्षरांचा हा क्रम ११ जानेवारी २०२० रोजी जगाला खुला झाला. कोविडवरील लशींची आखणी त्यावरूनच सुरू झाली, म्हणून ही तारीख मला साथीच्या इतिहासात फार मोलाची वाटते. भारतातल्या, केरळमधील पहिल्या रुग्णांच्या नमुन्यांचे क्रमवाचन पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत (एनआयव्ही) झाले. मात्र मूळ लेखकाचे ‘क्रम सापडला, कारण सापडले’ हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. नमुन्यात विषाणू सापडला एवढ्यावरून तोच आजाराचे कारण ठरत नाही: उदाहरणार्थ, सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस कोणतीही लक्षणे नसलेल्या माणसाच्या नाकातही आढळतो.    — संपा.