राजीनामा दिला, पण सुट्ट्यांचं काय? (भाग 23 : ट्रान्सक्रिप्ट)

हा भाग अकलूजहून रेकॉर्ड करतोय, घराच्या गच्चीवरून. मागे मध्येच ट्रॅक्टरचा आवाज आला तर समजून घ्या.

गेल्या उन्हाळ्यात मी पुण्यातली नोकरी सोडली. नाव सांगत नाही, एक आयटी कंपनी समजा. नोटीस पिरियड 90 दिवसांचा आणि पोर्टलवर शिल्लक सुट्ट्या 27. माझा हिशोब साधा होता. तुकोबांची पालखी सराटीला नीरास्नान करून अकलूजला येते, इथं गोल रिंगण होतं, आणि आजीला यावेळी रिंगण दाखवायचं होतं. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत, पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं. म्हणून चार दिवस मागितले. एचआरचं एका ओळीचं उत्तर आलं: नोटीस पिरियडमध्ये रजा मिळत नाही.

बरं, मग 27 दिवसांचे पैसे? त्यावर उत्तर आलं, "पॉलिसी बघून कळवतो."

हे मी वैतागून वडिलांना सांगितलं. ते साखर कारखान्यातून रिटायर झालेत. ते शांतपणे म्हणाले, "अरे, तू अर्ज केलास का लेखी? की नुसतं फोनवर बोललास?" मी म्हटलं, चॅटवर विचारलं. "मग मेल टाक आधी. नकार लेखी घे." मला वाटलं, ही जुन्या माणसांची कागदाची हौस. पण वाचायला बसलो आणि कळलं, या एका वाक्यामागे कित्येक वर्षांचा इतिहास आहे. आजचा भाग त्याचाच.

रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंड्यांनी मिळवून दिली, हे रील्समुळे आता सगळ्यांना माहीत आहे. 1884 ला त्यांनी गिरणी कामगारांची संघटना काढली, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज दिला, आणि 10 जून 1890 ला गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्यावर जास्त बोलत नाही. फक्त एक गोष्ट बघा. त्या अर्जात रविवारच्या बरोबरीनं आणखी एक मागणी होती: पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत द्या. हे का मागावं लागलं? कारण गिरणीत पगार मागं ठेवायची पद्धत होती. कामगार न सांगता गावी गेला की मागं राहिलेला पगार बुडाला. म्हणजे नोकरी सोडणाऱ्याचे पैसे अडकवणं हा शोध आयटीवाल्यांनी लावलेला नाही. तो शंभर वर्षं जुना आहे, फक्त आता त्याला फुल अँड फायनल म्हणतात.

आता 1936. वेतन प्रदान कायदा आला. त्यात एक कलम होतं: मालकानं कामावरून काढलं, तर दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत त्याचा सगळा पगार द्यायचा. छान. पण नीट ऐका, "मालकानं काढलं तर". स्वतःहून सोडणाऱ्याबद्दल कलम गप्प होतं. काढलेला माणूस बिचारा आणि सोडणारा जणू गद्दार, असा काहीसा भाव. हा फरक लक्षात ठेवा, पुढं तोच महत्त्वाचा आहे.

भरपगारी वार्षिक रजा आली 1945 च्या फॅक्टरी दुरुस्ती कायद्यानं. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. 1936 ला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनं भरपगारी रजेचा करार केला होता, त्याच वर्षी फ्रान्सनं कामगारांना दोन आठवड्यांची रजा दिली. आपल्याकडे नऊ वर्षांनी 10 दिवस मिळाले, वर्षभर सलग नोकरी झाल्यावर.

आणि इथंच वडिलांचं ते वाक्य सापडलं. त्या कायद्यानुसार रजा शिल्लक असताना मालकानं काढलं तर रजेचे पैसे मिळणार. स्वतः सोडली तर? तेव्हाही मिळणार, पण एका अटीवर: आधी रजेचा अर्ज केलेला असला पाहिजे आणि तो नाकारलेला असला पाहिजे. अर्जच केला नसेल तर त्या कलमाचा उपयोग नाही. दुकानं आणि ऑफिसांसाठी 1948 चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा झाला, त्यातही हीच अट. म्हणून त्या पिढीतला माणूस आधी विचारतो, नकार लेखी घेतलास का?

आता आपल्या भागाचं. 1945 चा हा हक्क बारमाही कारखान्यांपुरता होता. हंगामी कारखाने बाहेर, आणि हंगामीच्या यादीत साखर होती. अकलूजजवळ माळीनगरला सासवड माळी शुगर फॅक्टरी 1932 ची, म्हणजे ऊस, मळी, भोंगा हे सगळं या पट्ट्यात तेव्हाच सुरू झालेलं. पण मुंबईच्या गिरणीतल्या माणसाला भरपगारी रजा मिळाली त्या वर्षी इथल्या पॅनवर उभा राहणारा त्या हिशोबात नव्हता. पुढं 1948 चा फॅक्टरी कायदा आला आणि नंतर त्यात आकडा ठरला: वर्षात 240 दिवस काम, मग 20 दिवसांमागं एक रजा. गाळप हंगाम चालतो चार-पाच महिने. करा गुणाकार. फक्त हंगामापुरता कामावर असलेल्याचे 240 भरणार कसे? वडील सुरुवातीची काही वर्षं हंगामीच होते. मी विचारलं, तेव्हा रजा कशी घ्यायचा? म्हणाले, "कारखाना बंद झाला की रजाच की सगळी." आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

फरक मिटला 1976 च्या दुरुस्तीत. काढलं, बडतर्फ केलं, स्वतः सोडलं, निवृत्त झाला, अगदी नोकरीत असताना वारला, तरी शिल्लक रजेचे पैसे द्यायचेच. सोडणाऱ्याला दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत. अर्ज आणि नकाराची अट गेली. आणखी एक बारीक कलम होतं: मालकानं काढताना द्यायच्या नोटिशीत शिल्लक रजा धरायची नाही. म्हणजे "तुझ्या 15 सुट्ट्या आहेत, त्याच नोटीस समज" असं मालक म्हणू शकत नव्हता. पण उलट बाजूनं, राजीनामा दिलेल्यानं नोटिशीत रजा घ्यावी का, यावर ते कलम बोलत नव्हतं. म्हणून ते कंपनीच्या कागदावर जातं, आणि कागद त्यांनीच लिहिलेला असतो.

आयटी ऑफिस फॅक्टरी कायद्यात येत नव्हतं. महाराष्ट्रात 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, तो आला तेव्हा दहा किंवा जास्त लोक असलेल्या ठिकाणांसाठी होता. त्यात अर्जित रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येते. पंधरा दिवस आधी अर्ज करूनही रजा नाकारली, तर 45 च्या वरच्या दिवसांचे पैसे मागता येतात. बघा, अर्ज आणि नकार पुन्हा आलेच! 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यात 240 चे 180 दिवस झालेत, आणि राजीनामा दिलेल्यालाही पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असं लिहिलंय. 1936 ला काढलेल्याला जे मिळालं ते सोडणाऱ्याला मिळायला इतकी वर्षं लागली. हंगामी माणसाचे 180 तरी भरतात का, ते त्याच्या कारखान्यावर आणि त्या वर्षीच्या पावसावर.

आता माझं काय झालं ते सांगतो. मेल टाकला. तारखा लिहिल्या, शिल्लक 27 लिहिली, मॅनेजरला सीसी केलं. शेवटी लिहिलं की रजा नाकारत असाल तर कृपया तसं उत्तर द्या. दोन दिवस शांतता. मग मॅनेजरचा फोन, "अरे, एवढं ऑफिशियल कशाला करतोस?" दोन दिवस मंजूर झाले. उरलेल्या 25 चे पैसे आले, पण फक्त बेसिकवर, आणि शेवटच्या दिवसानंतर सात आठवड्यांनी.

रिंगण मिळालं. आजीला खुर्चीवर बसवून, मैदानाच्या कडेला. अश्व दुसऱ्या फेरीला समोरून गेला तेव्हा तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "तुला सुट्टी दिली व्हय रं त्यांनी?"