दप्तर दुसऱ्याच्या वाड्यात

२७ सप्टेंबर १९८३ रोजी रिचर्ड स्टॉलमन यांनी यूझनेटवर एक घोषणा केली: युनिक्ससारखी, पण सर्वांना मुक्तपणे वाटता येईल अशी संगणकप्रणाली आपण लिहिणार आहोत. 'ग्नू' प्रकल्पाचा हा आरंभ. असा संदेश कोणीही जपून ठेवील. त्याच्या आजूबाजूला सामान्य सभासदांनी घातलेले वाद, विचारलेल्या शंका, केलेली थट्टा यांचे काय झाले?

यूझनेटची कल्पना १९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना सुचली. एका संस्थेचा संगणक दुसऱ्याकडे संदेशांच्या नकला पाठवी, दुसरा तिसऱ्याकडे. या जाळ्याला मालक नव्हता. त्यामुळे ते कोणी एकट्याने बंद करू शकत नव्हते. मात्र साठवणीची जागा तुटपुंजी असल्याने जुने संदेश काही दिवसांतच पुसले जात, आणि ते राखण्याचे कर्तव्यही कोणाचेच नव्हते.

पहिल्या दशकातील जे हाती लागले, त्याचे मोठे श्रेय टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाला जाते. होय, प्राणिशास्त्र! तेथील संगणक सांभाळणाऱ्या हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ या काळातील सुमारे २० लाख संदेश १४१ चुंबकीय फितींवर उतरवून ठेवले होते.

१९९५ पासून 'डेजा न्यूज' या कंपनीने नवे संदेश साठवले. फेब्रुवारी २००१ मध्ये तो संग्रह गूगलने विकत घेतला, स्पेन्सर यांच्या फितींतील मजकूर त्यात मिळवला आणि वर्षअखेरीस २० वर्षांचे, ७० कोटींहून अधिक संदेश खुले केले. या उपकाराचे मोल कमी लेखू नये. परंतु २००९ मध्ये 'वायर्ड' नियतकालिकाने दाखवून दिले की या संग्रहातील शोधयंत्रणा नीट चालतच नाही. बोभाटा झाल्यावर दुरुस्ती सुरू झाली. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने यूझनेटचे नवे संदेश घेणे थांबवले. खरी चर्चा आटली आणि कचरा वाढला, हे कारण दिले. ते खोटे नव्हते. जुने संदेश पाहण्याची सोय मात्र ठेवली.

ही सोय कंपनीच्या मर्जीवर आहे. याहूने आपल्या 'ग्रुप्स'मधील जुना मजकूर काढून टाकण्याचे २०१९ मध्ये जाहीर केले, तेव्हा स्वयंसेवकांना मिळेल तेवढा उतरवून घेण्यासाठी धावपळ करावी लागली.

यूझनेटवर 'सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी' नावाचा गटही होता. देवनागरीची सोय नसलेल्या त्या काळात मराठी माणसे तेथे रोमन लिपीत मराठी लिहीत. परदेशस्थ मराठीचा अभ्यास करणाऱ्याला हे अस्सल साधन. पण त्याची प्रत आपल्याकडील एखाद्या ग्रंथालयाने मागून घेतली पाहिजे, आणि तीही गूगलचे दार उघडे आहे तोवर.