सिरसाट, सत्यवती मोतीराम

(७ ऑक्टोबर १९२५–१० जुलै २०१०). भारतीय विकृतिवैज्ञानिक व कर्करोग संशोधक. रोगांच्या अभ्यासासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्या भारतातील आद्य शास्त्रज्ञांपैकी एक. त्यांचा जन्म कराची येथे झाला. मुंबईच्या सेंट झेव्हिअर्स महाविद्यालयातून सूक्ष्मजीवविज्ञानाची पदवी घेतल्यावर त्यांनी टाटा स्मारक रुग्णालयात वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले आणि १९५८ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच्.डी. पदवी संपादन केली.

प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाची क्षमता प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे मर्यादित असते. सु. ०·२ मायक्रोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू त्यातून अलग दिसत नाहीत. माक्स क्नॉल व एर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये बर्लिन येथे इलेक्ट्रॉन शलाका वापरून ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग दाखविला. तथापि नव्या उपकरणात ऊतक निर्वात अवस्थेत ठेवावे लागते. त्यामुळे ते प्रथम रसायनांनी स्थिर करून, रेझिनमध्ये बसवून, त्याचे ५० ते १०० नॅनोमीटर जाडीचे छेद घ्यावे लागतात. ही तंत्रे भारतात नवीन असताना सिरसाट यांनी ती विकृतिविज्ञानात वापरली.

त्यांचे सर्वपरिचित कार्य मुखातील अधःश्लेष्म तंतुमयतेसंबंधी आहे. या विकारात तोंडातील अस्तराखालचे ऊतक तंतुमय होऊन कडक बनते. तिखट पदार्थांनी आग होते, तोंड उत्तरोत्तर कमी उघडते आणि काही रुग्णांत पुढे कर्करोग उद्भवतो. तिखटातील कॅप्सेसिन हे द्रव्य याचे कारण असावे काय, हे पाहण्यासाठी सिरसाट व खानोलकर यांनी विशिष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूला ते लावले आणि झालेले बदल दोन्ही प्रकारच्या सूक्ष्मदर्शकांखाली तपासले. हे संशोधन १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांच्यासमवेत १९६६ मध्ये त्यांनी लिहिलेल्या समीक्षात्मक लेखात या विकाराची व्याख्या दिली असून ती नंतरच्या ग्रंथांतून वारंवार उद्धृत झाली आहे.

कॅप्सेसिनसंबंधीच्या मूळ कल्पनेला पुढील संशोधनात पुरेसा आधार मिळाला नाही. सुपारी हेच प्रमुख कारण असल्याचे दिसून आले. सुपारीतील ॲरेकोलिनामुळे कोलॅजनाची निर्मिती वाढते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारीला मानवी कर्करोगाचे कारण म्हणून मान्यता दिली. सिरसाट यांच्या कार्याचे महत्त्व मात्र त्यामुळे उणावत नाही. रोग्याला आग व ताठरपणा म्हणून जाणवणारी व्याधी ऊतकात नेमकी कोठे व कशी आकार घेते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यामुळे कारणाविषयीच्या प्रत्येक नव्या कल्पनेची पडताळणी करण्यास निश्चित आधार उपलब्ध झाला.