वक्र लाकडी छत आणि प्राचलाधारित रचना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रवेशद्वारावरील वक्र लाकडी छताचे आरेखन आज संगणकावर केले जाते. उंची, रुंदी, वक्रता ही प्राचले नियमांनी परस्परांशी जोडलेली असतात. एक बदलले की संपूर्ण आकृती नव्याने सिद्ध होते. ही पद्धत केवळ संगणकाची देणगी होय, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे. इतिहास मात्र त्यास दुजोरा देत नाही.

लटकत्या साखळीचे रूप उलटे केल्यास स्थिर कमान मिळते, हे सूत्र रॉबर्ट हूक यांनी १६७५ साली नोंदविले. जर्मनीतील मानहाइम येथे १९७५ साली उभारलेल्या मुल्टिहालेच्या छताचा आकार फ्राय ओटो यांनी याच तत्त्वावर, टांगलेल्या साखळ्यांच्या जाळीतून शोधला. हेमलॉक लाकडाच्या सरळ पट्ट्यांची सपाट जाळी खालून उचलून वाकविण्यात आली. पट्टी न मोडता किती वाकेल, हेच तेथील निर्णायक प्राचल होते.

फ्रान्समधील पाँपिदू-मेत्झ केंद्रात (२०१०) शिगेरू बान व ज्याँ द गास्तीन यांच्या षट्कोनी छतासाठी थर चिकटवून केलेल्या तुळया संगणक-नियंत्रित यंत्रांनी घडविण्यात आल्या. वाकविण्याचे बंधन सैल झाले. तथापि तंतू तिरके कापले गेल्यास तुळई दुर्बल होते, हा नियम कायम राहिला.

सारांश, संगणक पर्याय झपाट्याने मांडतो. परंतु लाकडाचा स्वभाव प्राचलांत समाविष्ट करण्याची जबाबदारी रचनाकाराचीच असते. ती टाळल्यास पडद्यावरील देखणे छत सुताराला उभारता येत नाही.