पाटी आणि बीज

आजच्या शाळांतून अंकगणिताच्या पाठोपाठ बीजगणित येते, आणि त्यामुळे पहिले आकड्यांचे व दुसरे अक्षरांचे शास्त्र अशी समजूत रूढ झाली आहे. परंतु सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणी’ सिद्ध केला, तेव्हा त्यातील ‘लीलावती’ हे पाटीगणित आणि पुढचे ते बीजगणित, हा भेद विषयाचा नसून रीतीचा होता.

पाटी म्हणजे धूळ पसरून आकडे मांडण्याची फळी. तीवर चाले ते व्यक्त गणित. तथापि अज्ञात राशीला तेथे मज्जाव नव्हता. एका संख्येची पाचपट करून तिच्यातून तिचाच तृतीयांश वजा केला, बाकीस दहांनी भागले आणि त्यात मूळ संख्येचा तृतीयांश, निम्मा व चतुर्थांश मिळवला, तर ६८ होतात, असा ‘लीलावती’त प्रश्न आहे. गणिती तेथे तीन ही संख्या खुशाल कल्पून सर्व क्रिया करतो, हाती सव्वाचार येतात, आणि मग त्रैराशिकाने ४८ हे उत्तर मिळते. यालाच इष्टकर्म म्हणत.

परंतु एकापाशी सहा घोडे व ३०० रूपे, दुसऱ्यापाशी दहा घोडे व शंभरांचे कर्ज, आणि दोघांची मालमत्ता समान असेल, तर कल्पित संख्या नुसती प्रमाणात वाढवून घोड्याचे मोल निघत नाही. येथे अज्ञाताला ‘यावत्तावत्’ असे नाव द्यावे लागते. ‘या ६ रू ३००’ या ओळीखाली ‘या १० रू १००’ ही ओळ, ऋण शंभरावर टिंब देऊन, मांडली की समशोधनाने शंभर हे मोल निघते. अज्ञाताचे मोल हाती येण्यापूर्वीच त्याच्याशी ज्ञाताप्रमाणे व्यवहार करणे, हे बीजाचे खरे लक्षण. म्हणूनच व्यक्ताचे बीज अव्यक्त होय, असे आचार्यांनी ‘बीजगणिता’च्या आरंभीच सांगितले, शिकवण्यात पाटी आधी असली तरी उपपत्तीत अग्रमान बीजाचा, आणि हा विवेक आपल्या शिक्षणक्रमातून सुटला याचे मला मनापासून वाईट वाटते.

चाळीसगावाजवळच्या पाटण येथे नातू चांगदेवाने आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. पुढे अकबराच्या दरबारी फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’ फारसीत आणली. व्याज, जमाखर्च व क्षेत्रफळ यांची गरज दप्तराला रोजचीच असल्याने पाटी आधी उचलली गेली असावी, कारण ‘बीजगणिता’चा तर्जुमा अताउल्ला रशीदीच्या हातून होण्यास शहाजहानची कारकीर्द उजाडावी लागली.