वाहनचोरीचा विमादावा फेटाळला? दाद मागता येते

आकुर्डी, निगडी, चिंचवड परिसरातील जुन्या सोसायट्यांत वाहनतळाची जागा अपुरी असल्याने अनेक मोटारी रात्री रस्त्याच्या कडेलाच उभ्या राहतात. अशी मोटार चोरीस गेली, तर मालकाला आधार उरतो तो विम्याचा. मात्र 'कळविण्यास विलंब झाला', 'अटींचा भंग झाला' अशी कारणे देऊन कंपनीने दावा नाकारला, तर कर्जाचे हप्ते चालू राहतात आणि हाती काहीच पडत नाही. हे नकारपत्र अंतिम नसते, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे. अर्थात, केवळ 'थर्ड पार्टी' विमा असेल, तर चोरीची भरपाई मिळत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी हवी.

विलंबाचा मुद्दा

चोरीची खबर पोलीस व कंपनी या दोघांनाही तातडीने द्यावी, अशी पॉलिसीची अट असते. पोलिसांना वेळेत कळविले, पण कंपनीला उशिरा कळविले, तर काय, याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालांत मतभेद होते. २४ जानेवारी २०२० रोजी 'गुरशिंदर सिंग' प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो वाद मिटविला. त्या प्रकरणात ट्रॅक्टर चोरीस गेल्याची फिर्याद त्याच दिवशी नोंदविली होती. कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळविले गेले. चोरी खरी असेल व फिर्याद तत्काळ दिली असेल, तर कंपनीला उशिरा कळविल्याच्या एकमेव कारणावरून दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. २०२२ मधील 'जैना कन्स्ट्रक्शन' निकालातही हेच तत्त्व कायम राहिले. विमा नियामकानेही २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकाद्वारे, निव्वळ विलंबाच्या तांत्रिक कारणावरून प्रामाणिक दावे नाकारू नयेत, असे कंपन्यांना बजावले होते.

पोलिसांकडे जाण्यास झालेल्या विलंबाला मात्र हे संरक्षण नाही. 'आधी आपणच शोधू' म्हणून दिवस घालविणे महागात पडते.

अटीचा भंग, तरी काही रक्कम

खासगी म्हणून विमा उतरविलेली मोटार भाड्याने चालविली जात असताना पळविली गेली, तेव्हा वापराच्या अटीचा चोरीशी संबंध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये 'नितीन खंडेलवाल' प्रकरणात म्हटले आणि ७५ टक्के भरपाई कायम ठेवली. किल्ली वाहनात राहिल्याच्या 'अशोक कुमार' प्रकरणातही २०२३ मध्ये ७५ टक्के रक्कम मंजूर झाली. म्हणजे पूर्ण दावा टिकत नसेल, तरी तडजोडीच्या तत्त्वावर रक्कम मागता येते.

प्रत्येक त्रुटी माफ होते, असे मात्र नाही. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली मोटार जोधपूर येथून चोरीस गेली असता, वैध नोंदणीअभावी दावा देय नाही, असा निकाल २०२१ मध्ये 'सुशीलकुमार गोदारा' प्रकरणात लागला. जुनी मोटार घेतल्यावर विमा आपल्या नावे करून न घेणेही असेच घातक ठरते.

दाद कोठे मागावी?

* प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी हरकत नोंदवून पोच घ्यावी. नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार देता येते.
* एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा ते अमान्य असल्यास, एक वर्षाच्या आत पुणे येथील विमा लोकपालांकडे जावे. येथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालांना आहे. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.
* तिसरा मार्ग पुणे जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो वा नोकरी करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनीचे मुख्यालय मुंबईत वा दिल्लीत असल्याने अडत नाही. शुल्क मागणीवर नव्हे, तर भरलेल्या हप्त्यावर ठरते व पाच लाखांपर्यंत ते माफ आहे. त्यामुळे मोटारमालकाला सहसा शुल्क पडत नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल त्याच तक्रारीची दखल घेत नाहीत. म्हणून आधी लोकपाल व समाधान न झाल्यास आयोग, हा क्रम सोयीचा. मात्र दोन वर्षांच्या मुदतीवर लक्ष असावे.

कागदपत्रे जपा

फिर्यादीची प्रत, तपास न लागल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल (रूढ भाषेत 'ए समरी'), नोंदणी पुस्तिका, पॉलिसी, दोन्ही किल्ल्या, परिवहन कार्यालयाला दिलेल्या पत्राची पोच, कर्ज असल्यास बँकेचे पत्र आणि कंपनीशी झालेला सर्व पत्रव्यवहार एकत्र ठेवावा. दूरध्वनीवर दिलेली खबर सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून त्याच दिवशी ई-मेल पाठवावा आणि दाव्याचा क्रमांक लिहून ठेवावा. नकाराचे कारण कंपनीकडून लेखीच मागावे, कारण पुढची सारी लढत त्या एका कारणाभोवती फिरते.