इबेरा पाणथळ

इबेरा पाणथळ : अर्जेंटिनाच्या ईशान्येकडील कोर्रिएन्तेस प्रांतातील दलदली व सरोवरांचा प्रदेश. क्षेत्रफळ सुमारे १३,००० चौ. किमी. येथून पूर्वी पाराना नदी वाहत असे. तिने पात्र बदलल्यावर मागे राहिलेल्या सखल भागात आता मुख्यतः पावसाचे पाणी साठते आणि कोर्रिएन्ते नदीवाटे संथपणे पारानाला मिळते. मुळे व कुजलेल्या वनस्पतींच्या गुंत्यातून झालेली तरंगती बेटे हे येथले खास दृश्य. काही बेटांवर झाडेही उगवतात.

केमन, कॅपिबारा व दलदली हरणे येथे होडीतून अगदी जवळून दिसतात. ही निर्धास्त जनावरे पाहताना, एके काळी कातड्यांसाठी त्यांची बेसुमार शिकार होत होती हे खरे वाटत नाही. १९८३ मध्ये प्रांताने हा प्रदेश राखीव केला आणि शिकाऱ्यांपैकीच काहींना रक्षक नेमले. इबेराच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल : पाण्याच्या वाटा व जनावरांच्या सवयी त्यांच्याइतक्या कुणालाच ठाऊक नव्हत्या.

१९९० च्या दशकाअखेर डग्लस व क्रिस्टीन टॉम्पकिन्स या अमेरिकन दांपत्याने येथील कुरणांच्या जमिनी विकत घेण्यास सुरुवात केली. परक्यांनी पाण्यावर डोळा ठेवला आहे, असा संशय तेव्हा स्थानिकांत बळावला होता. पुढे या जमिनी देशाला दान करण्यात आल्या व २०१८ मध्ये इबेरा राष्ट्रीय उद्यान झाले. नाहीसे झालेले प्राणीही टप्प्याटप्प्याने परत आणले गेले : २००७ पासून महाकाय मुंगीखाऊ, नंतर पम्पास हरीण व लाल-हिरवा मकाव. जग्वार या प्रांतातून सुमारे सत्तर वर्षांपूर्वी संपला होता. जानेवारी २०२१ मध्ये मारिउआ ही मादी दोन बछड्यांसह मोकळी सोडण्यात आली.

कोलोनिया कार्लोस पेल्येग्रिनी हे सरोवरकाठचे खेडे पर्यटनाचे जुने केंद्र. घरगुती मुक्काम, वाटाडे, होड्या व खानावळी यांवर आता अनेक कुटुंबे जगतात. काही ठिकाणी घोड्याने ओढलेल्या होडीतून उथळ पाण्यात फिरता येते. कोर्रिएन्तेसचे चामामे संगीत प्रवाशांना येथे त्याच्या घरीच ऐकायला मिळते.

संरक्षणाचे काम मात्र संपलेले नाही. २०२२ च्या आरंभी दीर्घ अवर्षणानंतर लागलेल्या वणव्यांत प्रांताचा फार मोठा भाग जळाला व उद्यानालाही झळ बसली. भोवतालची भातशेती आणि पाइनची लागवड यांचाही पाण्यावर ताण पडतो. प्रवाशांच्या दृष्टीने पाहता, मेर्सेदेस शहरापासून पेल्येग्रिनी सुमारे १२० किमी असून पावसात हा रस्ता चिखलाने अवघड होतो.